लाईट गेली, तारे गेले: कोकणातल्या एका होमस्टेच्या रिव्ह्यूंचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली-गुहागर पट्ट्यातलं किनाऱ्याचं गाव. घरामागच्या वाडीत बांधलेल्या चार खोल्या, निवास-न्याहारी योजनेत रीतसर नोंद. पन्नाशीतलं जोडपं (पुढे ‘मालक’ आणि ‘काकू’) ही जागा चालवतं. गूगलवरचं पान, फोटो आणि बुकिंग पुतण्या बघतो. तो नोकरीला चिपळुणात. मे महिन्यात खोलीचं भाडं रात्रीला २,५०० रुपये, जेवण वेगळं. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं. जाहिरातीवर आजवर एक रुपया खर्च नाही, सगळी मदार गूगल मॅप्सवर. माणूस नकाशात ‘होमस्टे’ शोधतो, चार-पाच पानं उघडतो, तारे बघतो आणि फोन करतो.

सहा वर्षांत ४६ रिव्ह्यू जमले होते. ३६ जणांचे पाच तारे, सात जणांचे चार, दोघांचे तीन आणि एकाचा एक. सरासरी ४.७.

पानावर पुतण्याने एक ओळ टाकलेली होती: ‘एसी खोल्या, २४ तास लाईट’. घरात इन्व्हर्टर होता, एवढ्या जोरावर.

त्या इन्व्हर्टरचं गणित आधी समजून घ्यायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथून सुरू होतं. ९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची एक बॅटरी. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास; बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, तेव्हा हाती येतात साधारण १,१५०. खोल्यांतले चार जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे, शिवाय दिवे आणि राउटर मिळून ७०. एकूण ३७० वॉट. म्हणजे तीन तास आणि वर थोडा वेळ. दीड टनाचा एसी सुरू असताना १,५०० वॉटच्या आसपास ओढतो, त्यामुळे तो या इन्व्हर्टरवर चालण्याचा प्रश्नच नव्हता.

अडचण

मे महिन्यातला दुसरा शनिवार. पुण्याहून आठ जणांचा ग्रुप आला. तीन खोल्या, दोन रात्री, १५,००० रुपये. निम्मे आधी आणि उरलेले आल्याआल्या, दोन्ही यूपीआयने. चौथ्या खोलीत दरवर्षी येणारं मुंबईचं कुटुंब होतं.

रात्री १०:४० ला लाईट गेली. पंखे चालू राहिले, एसी बंद पडले. पावणेदोनला बॅटरी संपली आणि पंखेही थांबले. लाईट आली सव्वाचारला. मे महिन्यात किनाऱ्यावरची हवा म्हणजे काय, हे ज्याने बंद खोलीत अनुभवलंय त्याला सांगायला नको. मुंबईचं कुटुंब अकरा वाजताच चटया घेऊन पुढच्या पडवीत आलं, तिथे खारा वारा होता, आणि निवांत झोपलं. त्यांना घराची सवय होती. पुण्याच्या ग्रुपला पडवीचं कुणी सुचवलं नाही आणि बॅटरी कधी संपेल तेही सांगितलं नाही.

सकाळी ग्रुपने दुसरी रात्र रद्द केली आणि ७,५०० रुपये परत मागितले. मालकांनी नकार दिला: सीझनचा रविवार, खोल्या अडवून ठेवलेल्या, आणि लाईट काय आपण घालवली? बोलाचाली झाली. ग्रुप अकराला निघून गेला.

त्याच संध्याकाळी गाडी बिघडल्यामुळे अडकलेलं एक जोडपं आलं आणि तीनपैकी एक खोली २,५०० रुपयांना गेली. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

रविवारी रात्रीपासून मंगळवार दुपारपर्यंत नऊ रिव्ह्यू आले. नऊही एका ताऱ्याचे.

मंगळवारी रात्री पुतण्याने त्यातल्या एकाला उत्तर लिहिलं: ‘तुम्ही रात्री काय पीत बसला होता ते सीसीटीव्हीत आहे, टाकू का इथे?’ ते १९ तास तिथे राहिलं. काकूंनी झापल्यावर त्याने काढलं, पण तोवर स्क्रीनशॉट फिरून परत त्यांच्याच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. रिव्ह्यूंमुळे जेवढे फोन घटले असतील, त्याहून जास्त नुकसान या एका ओळीने केलं असावं. त्या आठवड्यात दोन बुकिंगं रद्द झाली आणि दोघांनीही विचारलं ते लाईटबद्दल नव्हे, ‘कॅमेरे कुठे-कुठे लावलेत?’

सरासरीचा हिशेब

४६ रिव्ह्यूंची बेरीज २१५. नऊ मिळवल्यावर ५५ रिव्ह्यू, २२४ तारे, सरासरी ४.०७, पानावर दिसतं ४.१. आजूबाजूच्या चांगल्या जागा ४.४ ते ४.८ मध्ये. बरेच लोक शोधताना ‘४.५ आणि वर’ अशी चाळणी लावतात, म्हणजे अशा लोकांना ही जागा दिसायचीच बंद झाली.

पान एकाच दशांशापर्यंत आकडा दाखवतं, त्यामुळे ४.५ दिसायला प्रत्यक्षात ४.४५ पुरतात. त्यासाठी ओळीने ३८ पंचतारी रिव्ह्यू लागतात. मूळचं ४.७ दिसायला ९१. वर्षाला सात-आठ रिव्ह्यू मिळणाऱ्या घराला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आपल्या पायांनी चालत आला. रत्नागिरीच्या एका ‘डिजिटल मार्केटिंग’वाल्याचा फोन: ४० पंचतारी रिव्ह्यू, ६,००० रुपये, दहा दिवसांत. चाळीसच का, ते वरच्या हिशेबावरून कळतं. २२४ मध्ये २०० मिळवा, ९५ ने भागा: ४.४६. पॅकेज नेमकं चाळणीच्या पलीकडे नेऊन सोडणारं होतं; माणूस धंद्यात मुरलेला. मालकांना यात फारसं वावगं दिसलं नाही. त्यांचं म्हणणं, खोट्याला खोट्याने मारायचं.

यात दोन गोष्टी आड येतात. व्यवहाराची अशी: असे रिव्ह्यू ज्या खात्यांवरून येतात, त्याच खात्यांनी त्याच आठवड्यात कुठल्या तरी दंतचिकित्सकाला, टाइल्सच्या दुकानाला आणि जिमलाही पाच तारे दिलेले असतात. गूगलला हे दिसतं. पकडलं गेलं तर रिव्ह्यू उडतातच, पण पानावर काही काळ नवे रिव्ह्यू येणं बंद होऊ शकतं, जुने झाकले जाऊ शकतात आणि ‘इथून खोटे रिव्ह्यू काढले आहेत’ अशी पाटीही लागू शकते. म्हणजे सहा वर्षांत प्रामाणिकपणे मिळालेले ४६ पणाला लावायचे. दुसरी गोष्ट काकूंनी मांडली: त्या नऊ जणांतल्या काहींनी खरंच रात्र जागून काढली होती, त्यांचं खरं बोलणं चाळीस खोट्यांखाली गाडायचं कशाला? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला आळा घालतो आणि ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे. मानक ऐच्छिक आहे, त्यामुळे त्याचा धाक फारसा नाही. पण रिव्ह्यू कसा गोळा करावा आणि कसा तपासावा याची चौकट तिथे मिळते.

दुसरा पर्याय वकिलाची नोटीस. चिपळूणच्या वकिलांनीच त्यातली हवा काढली. अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते, पण प्रत्यक्ष राहिलेल्या पाहुण्याचं ‘रात्री पंखे बंद पडले’ हे वाक्य खरंच होतं. उलट, त्या ग्रुपने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली तर काय? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागू शकतो. म्हणजे साडेसात हजारांसाठी मालकांना तारखेतारखेला पुणं गाठावं लागलं असतं, आणि समोर पुरावा म्हणून त्यांच्याच पानावरची ‘२४ तास लाईट’.

तिसरा, पुतण्याचा: पाच तारे द्या आणि कोकम आगळाची बाटली घेऊन जा. दिसायला निरुपद्रवी, पण गूगलच्या धोरणात रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सवलत किंवा वस्तू देणं बसत नाही; वाईट रिव्ह्यू काढून घेण्यासाठी देणंही नाही.

चौथा, रील करणारा एक तरुण. ४० हजार फॉलोअर, दोन रात्री फुकट राहणार, बदल्यात एक रील आणि रिव्ह्यू. मोफत मुक्काम हाही मोबदलाच, आणि तो रीलमध्ये ठळक सांगणं ग्राहक व्यवहार खात्याच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अपेक्षित आहे. काकूंनी विचारलं, ‘जाहिरात आहे असं वर लिहिशील ना रे?’ तो म्हणाला, तसं लिहिलं की रीच पडते, म्हणजे रील कमी लोकांपर्यंत जाते. विषय तिथे संपला.

पाचवा पर्याय कुणाला आवडणारा नव्हता: नऊ रिव्ह्यू एकेक करून वाचायचे, खरे कोणते आणि खोटे कोणते ते वेगळे करायचे, आणि दोन्हींना वेगवेगळी वागणूक द्यायची.

काय केलं

काकूंनी पाहुण्यांची नोंदवही काढली. तिच्यात आल्या-गेल्याची वेळ आणि प्रत्येकाचं नाव असतं. नऊ नावं तिच्याशी ताडली. तीन जुळली. उरलेल्या सहांपैकी कुणी त्या रात्री, किंवा कधीच, इथे राहिलेलं नव्हतं. त्यातल्या चौघांचा मजकूर शब्दशः एकच: ‘वर्स्ट एक्सपिरियन्स, डोन्ट गो’. एका खात्यावरचे बाकीचे सगळे रिव्ह्यू पुण्यातल्याच एका आयटी पार्कच्या आसपासचे. मित्रांच्या मदतीला मित्र धावले होते.

इथे एक समज काढून टाकायला हवी. ‘हे खोटं लिहिलंय’ अशी तक्रार केली की गूगल न्याय करतं, असं नाही. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या वादात खरं काय, याच्या निवाड्यात ते पडत नाही. रिव्ह्यू धोरणात बसतो का एवढंच बघतं. त्यामुळे ‘आमची बदनामी’ वगैरे लिहून उपयोग नसतो. ‘प्रत्यक्ष अनुभवावर आधारित नाही’ हा मुद्दा चालतो. सहाही रिव्ह्यू बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे गूगलवरचं पान मालक जिथून सांभाळतो तिथून, एकेक करून रिपोर्ट केले. खऱ्या तिघांना हात लावला नाही. पुतण्याला नऊच्या नऊ रिपोर्ट करायचे होते. नशीब, काकू शेजारी बसल्या होत्या.

पाच दिवसांत चार गेले. दोनांवर ‘धोरणाचा भंग आढळला नाही’ असा शेरा आला. त्यावर अपील एकदाच करता येतं, म्हणून ते घाईने न करता तारखा, सारखा मजकूर आणि नोंदवहीत नाव नसल्याचं थोडक्यात लिहून केलं. एक गेला, एक राहिला.

त्या राहिलेल्याखाली एवढंच लिहिलं: ‘आमच्या नोंदवहीत या नावाची नोंद सापडली नाही. आपण राहिला असाल तर तारीख कळवा, आम्ही तपासतो.’

खऱ्या तिघांना उत्तर लिहायला दोन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मालकांनी ‘निसर्गाच्या लहरीपुढे आमचा नाइलाज’ वगैरे घातलं होतं. शेवटचा मजकूर असा:

‘त्या रात्री १०:४० ला लाईट गेली, पावणेदोनला आमची बॅटरी संपली आणि सव्वाचारपर्यंत तुमच्या खोल्यांतले पंखे बंद होते. आमच्या पानावर “२४ तास लाईट” लिहिलं होतं, ते चूक होतं; काढलं आहे. आमच्याकडून आधी आलेलं उत्तर अशोभनीय होतं, त्याबद्दल माफी. पैशांबाबत तुम्हाला फोन करतो.’

अशी उत्तरं ज्याला लिहिलेली असतात त्याच्यापेक्षा पुढचा पाहुणा जास्त लक्ष देऊन वाचतो. म्हणून वेळा लिहिल्या. वेळ लिहिणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’वर कुणी ठेवत नाही.

पैशांवर घरात दोन दिवस वाद चालला. मालक एक पैसा देणार नव्हते. काकूंनी वहीचं पान समोर ठेवलं: रविवारी रात्री दोन नंबरच्या खोलीचे पैसे आपण दोनदा घेतलेत. यावर मालकांकडे उत्तर नव्हतं. ते २,५०० नक्की देणं लागत होतं. रिकाम्या राहिलेल्या दोन खोल्यांच्या ५,००० पैकी निम्मे आपण सोसू, निम्मे त्यांनी, असं ठरलं. एकूण ५,००० रुपये ज्या खात्यातून आले होते त्याच खात्यावर यूपीआयने परत केले. फोनवर रिव्ह्यूचा विषय मुद्दाम काढला नाही, कारण काढला असता तर तोच व्यवहार सौदा झाला असता.

मग घराकडे वळले. चार जुने पंखे काढून ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणारी मोटर असलेले) पंखे लावले. एकेक तीन हजारांच्या घरात. भार ३७० वरून १९० वॉटवर आला आणि तीच बॅटरी आता सहा तास जाते. म्हणजे त्या रात्रीची साडेपाच तासांची खोट तिने निभावून नेली असती. मोठा इन्व्हर्टर किंवा जनरेटर घ्यावा का, हाही विचार झाला होता. पण आधी वीज खाणारं बदलायचं, मग साठवणारं, हा क्रम बरोबर. पानावरची ओळ अशी झाली: ‘लाईट गेल्यास पंखे आणि दिवे सुमारे सहा तास चालतात. एसी चालत नाही.’

ॲडव्हान्स घेण्याआधी आता हा मेसेज जातो: ‘सात दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत, तीन दिवस आधी निम्मी, त्यानंतर नाही. आमच्याकडचं पाणी किंवा इन्व्हर्टर बंद पडल्यामुळे लवकर निघालात तर न राहिलेल्या रात्रीचे पूर्ण पैसे परत. मान्य असेल तर “हो” लिहा, मग पैसे पाठवा.’ आधी या अटी फोनवर सांगितल्या जायच्या आणि दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने आठवायच्या.

आणि जेवणाच्या टेबलापाशी क्यूआर कोड लावला. निघताना सगळ्यांना रिव्ह्यू लिहा म्हणायचं, खूश दिसणाऱ्यांनाच निवडून नाही. निवडून मागणंही धोरणात बसत नाही.

निकाल

ग्रुपमधल्या ज्याच्या नावाने बुकिंग होतं, त्याने आठवड्याने आपला रिव्ह्यू स्वतःहून बदलला. एकाचे तीन तारे, आणि खाली: ‘लाईटचा त्रास झालाच. पण काकांनी पैसे परत केले आणि चूक मान्य केली.’ बाकी दोघांनी काही बदललं नाही. तो त्यांचा हक्क.

पाच गेले, एकाचे तीन झाले: ५० रिव्ह्यू, २२१ तारे, ४.४. जूनपासून जानेवारीअखेर आणखी ३१ आले, म्हणजे न मागता वर्षाला यायचे त्याच्या चौपट. बेरीज ८१ रिव्ह्यूंवर ३६६, सरासरी ४.५२. ४.७ परत आलेलं नाही आणि लवकर येणारही नाही. एजंटच्या चाळीसांनी दहा दिवसांत जे दाखवलं असतं, तिथे पोचायला आठ महिने लागले.

दिवाळीच्या आठवड्यात ११ कुटुंबांनी चौकशी केली. तिघांनी एसीची ओळ वाचून दुसरीकडे बुकिंग केलं. मालकांना याची चुटपुट आहे. पण ते तिघे येऊन लाईट गेली असती, तर पुन्हा मे महिनाच झाला असता.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय त्या रात्री अकरा वाजता हाताशी होता. ‘बॅटरी दीड-दोनपर्यंत जाईल, नंतर पंखा बंद होईल, पडवीत वारा आहे, गाद्या तिकडे घालू का?’ एवढं वाक्य. एकाच छपराखाली एक कुटुंब गाढ झोपलं आणि आठ माणसं घामाघूम झाली, यात विजेचा दोष नाही.

दुसरी संधी रविवारी संध्याकाळी होती. खोली पुन्हा भाड्याने गेली त्या क्षणी २,५०० परत पाठवले असते, तर पहिला रिव्ह्यू येण्याआधी ते खात्यात दिसले असते. भांडण मिटलं असतंच असं नाही, पण मित्रांना गोळा करण्याइतका राग टिकला नसता.

पानाचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याने रात्री उत्तर लिहायचं नाही, हा नियम या घरात आता आहे. पाहुण्यांचं सीसीटीव्ही चित्रण किंवा ओळखपत्राचा फोटो वादात काढण्याची भाषा तर कधीच नाही. तो भरवसा तुटला की तारे कितीही असले तरी बायका-मुलांना घेऊन कुणी येत नाही.

उरलेल्या २,५०० चं काय, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही. नव्या अटी तेव्हा असत्या तर ग्रुपला ७,५०० पूर्ण मिळाले असते, कारण इन्व्हर्टरच संपला होता. मालक म्हणतात, नियम मागच्या तारखेने लागू होत नाहीत. काकू काही म्हणत नाहीत, पण वहीतल्या त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलेला आहे.

नव्या ३१ मध्ये एक दोनतारी आहे, नोव्हेंबरमधला: ‘जेवण झकास, वहिनींच्या हाताला चव आहे. पण लाईट गेल्यावर एसी बंद पडला. पानावर लिहिलं होतं म्हणे, आम्ही वाचलंच नाही.’ मालक तो रिपोर्ट करायला निघाले होते. काकूंनी एसीच्या रिमोटवरच चिठ्ठी चिकटवली आणि रिव्ह्यूखाली तिचा फोटो टाकला.